रिकाम्या खुर्चीचे आभार

या सगळ्या प्रकरणातून यंत्रोबांना हवं होतं ते एक वाक्य. एकच. त्यात विशेषणं नसती तरी चाललं असतं.

शाळेतली नऊ यंत्रं, म्हणजे सर्व्हर, सांभाळणारा माणूस म्हणून त्यांना सगळे यंत्रोबा म्हणत. त्यांची बायको त्याच शाळेत गणित शिकवायची, म्हणून ती गणिताच्या बाई. बाई शनिवारी निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या समारंभात त्यांना चार शब्द बोलायचे होते, आणि ते शब्द बाई खुर्चीत पाय वर घेऊन सांगत होत्या नि यंत्रोबा टाइप करत होते. मोठ्या बाईंचे, म्हणजे मुख्याध्यापिकांचे, आभार झाले. सहकाऱ्यांचे झाले. घंटा देणाऱ्या शिपायाचे झाले, एका कोपऱ्यात चिरलेल्या फळ्याचे झाले. ‘ज्यांनी माझ्या वर्गातला पंखा कुरकुरत का होईना, चालता ठेवला’ त्या वायरमनचेही झाले. एकेक नाव संपत होतं तशी यंत्रोबांची मान ताठ होत होती. शाळा संपली होती. रांगेत आता घरच उरलं होतं.

बाई म्हणाल्या, “पूर्णविराम.”

“पूर्णविराम?”

“झालं की. का? कुणी राहिलं का?”

“छे. पंख्यापर्यंत आभार पोचले म्हणजे सगळे आलेच.”

त्या संध्याकाळी भांडी घासायची पाळी यंत्रोबांची होती. शेजारच्यांनी आपली खिडकी लावून घेतली.

तरी माणसाने आशा सोडू नये, आणि यंत्रोबांनी ती सोडली नाही. बाई पडल्या गणिताच्या. उत्तर शेवटच्या ओळीत, खाली दोन रेघा मारून लिहायची सवय. ते वाक्य त्यांनी तोंडी राखून ठेवलं असणार, असं यंत्रोबांनी स्वतःला पटवलं. म्हणजे समारंभाला पहिल्या रांगेत, बाईंच्या नजरेसमोर बसणं आलं. आणि तिथेच मेख होती. कारण बायकोच्या नजरेसमोर हवे असताना यंत्रोबा कधीच तिथे नसत. वीज त्यांना तिथे टिकू देत नसे.

वीज जायची याचं यंत्रोबांना दुःख नव्हतं. जाणाऱ्याला कोण अडवणार? दुःख होतं ते तिच्या परत येण्याच्या तऱ्हेचं. छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखी ती यायची. आली, गेली, जिन्यावरून पुन्हा फिरली, दारात उभं राहून पुन्हा निघाली. आणि ती दिसली रे दिसली की नऊच्या नऊ यंत्रं एकदम उठायची. त्यांतल्या थोरल्याच्या पोटात शाळेचं सगळं साठवलेलं. ते आधी उठायला हवं आणि मग बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं, असा क्रम. पण व्हायचं असं, की चूल पेटायच्या आधीच पंगत बसायची. थोरलं डोळे चोळतंय तोवर धाकटी ताटं बडवायला लागायची, आणि तेवढ्यात वीज पुन्हा जायची. अर्धवट उठलेलं यंत्र असं दोनचारदा आडवं झालं की त्याच्या डोक्यावर परिणाम होतो. मागच्या खेपेला पाचवीच्या वर्गाला नववीचा निकाल लागला होता, आणि त्यातली काही मुलं पास झाली म्हणून नववीचे शिक्षक अजून कुणाशी बोलत नव्हते.

म्हणून घरातले दिवे गेले की यंत्रोबा उठायचे. जेवणावरून उठायचे, सिनेमातून उठायचे. मेहुणीच्या लग्नात वऱ्हाडाच्या फोटोत त्यांची पाठ आली आहे. स्वतःच्या पन्नाशीचा केक त्यांनी दुसऱ्या दिवशी, शाळेच्या जिन्यात बसून खाल्ला. दिवे गेले की इतर घरांत लोक मेणबत्ती शोधतात. यांच्या घरात बाई न बोलता त्यांच्या चपला पुढे सरकवायच्या.

यावर उपाय होता, आणि तो यंत्रोबांना समारंभाच्या आदल्या दिवशी सापडला. प्रत्येक यंत्राच्या पोटात, फारसं कुणी जात नाही अशा ठिकाणी, एक प्रश्न लिहिलेला असतो. वीज गेली आणि परत आली, तर काय करायचं? लगेच उठायचं, आधी होतो तसं व्हायचं, की झोपून राहायचं? कारखान्यातून येताना उत्तर ठरूनच आलं होतं, लगेच उठायचं. ते बदलावं असं इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. यंत्रोबांनी एकेका यंत्रासमोर बसून उत्तर बदललं. झोपून राहायचं. एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा दुजाभाव नको, म्हणून नवाच्या नवांना सारखा न्याय केला.

घरी येऊन त्यांनी हे बाईंना ऐकवलं. उद्या वीज दहादा येवो नि दहादा जावो, मी खुर्चीतून हलणार नाही. मी बटण दाबल्याशिवाय एक यंत्र उठायचं नाही.

“सगळ्यांना झोपवलंत, ते ठीक,” बाई म्हणाल्या. “वर्ग झोपवायला मलाही कधी कष्ट पडले नाहीत. उठवताना काय करणार?”

“लागलंच तर दोन मिनिटांचं काम आहे.”

बाईंनी मान डोलावली. उत्तर बरोबर आहे पण रीत दाखवलेली नाही, अशा वेळी त्या वर्गात डोलवायच्या, तशी.

*

समारंभाचं दालन भरलं होतं. जुने विद्यार्थी आले होते, त्यांतल्या काहींचे केस बाईंपेक्षा पांढरे झाले होते. पहिल्या रांगेत मधली खुर्ची यंत्रोबांची, आणि शेजारी त्यांची लेक. वडिलांच्या खुर्चीवर पर्स ठेवायची तिला लहानपणापासून सवय होती, पण आज पर्सच्या जागी चक्क वडील होते. नवे बूट घालून. बूट चावत होते, तरी यंत्रोबा पायावर पाय टाकून बसले होते.

सगळी जय्यत तयारी त्यांनीच केली होती. बाईंचा जीवनपट, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांनी धाडलेले फोटो आणि बोललेले निरोप, थोरल्या यंत्रात. बाईंचं भाषणही थोरल्या यंत्रात. कागद कशाला, समोरच्या पडद्यावर मोठी अक्षरं करून दाखवतो, चष्माही लागायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बाईंनी एकदा विचारलं होतं, की एक कागद हातात असू दे ना? यंत्रोबा दुखावले होते.

स्वागताचे शब्द सुरू झाले आणि वीज गेली.

सगळ्या दालनाने यंत्रोबांकडे बघितलं. यंत्रोबा हलले नाहीत. उलट त्यांनी दुसरा पाय पहिल्यावर टाकला. लेकीने बाबांच्या कपाळाला हात लावून बघितला. बऱ्याच वेळाने वीज आली, गेली, आली, पुन्हा गेली. प्रत्येक येण्याजाण्याला यंत्रोबा गालात हसत होते. जुनी वेळ असती तर एव्हाना नऊ यंत्रं नऊ वेळा धडपडली असती. आता ती भिंतीपलीकडे गाढ झोपली होती. शेवटी वायरमन घाम पुसत दारात आला, पंखे फिरले, दिवे लागले आणि टिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायरमनने मान लववली. तिसऱ्या रांगेत त्याची आई बसली होती, तिने वळून सगळ्यांकडे बघितलं.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मोठ्या बाई वाकून यंत्रोबांपाशी आल्या. अध्यक्षांनंतर गणिताच्या बाई बोलणार आणि मग जीवनपट, तेव्हा पडदा तयार आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“दोन मिनिटं,” यंत्रोबा म्हणाले आणि उठले. लेकीने खुर्चीवर पर्स ठेवली.

यंत्रांची खोली व्यासपीठाच्या मागच्या भिंतीला लागून होती. भिंतीत वर एक झरोका होता, आणि त्यातून यंत्रांची घरघर इतकी येई, की संगीताच्या शिक्षकांनी लेखी तक्रार केली होती: तुमची यंत्रं आमच्या गाण्यात सूर धरतात, आणि तो चुकतो. दार जाडजूड होतं. पूर्वी कोणीही थंड हवा खायला आत येई. एकदा तर कुणीतरी थोरल्या यंत्रावर डबा उघडून जेवलं होतं. तेव्हापासून यंत्रोबांनी हे दार बसवून घेतलं होतं. कार्ड दाखवलं की उघडायचं, किल्लीची भानगड नाही. किल्ली हरवते, यंत्र हरवत नाही, असं ते तेव्हा सभेत म्हणाले होते.

यंत्रोबांनी कार्ड दाखवलं. लाल दिवा लागला.

पुसून दाखवलं. लाल. उलटं करून दाखवलं. लाल. शर्टाला घासून, फुंकर मारून, जरा प्रेमाने दाखवलं. लाल.

मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते दाराला टेकून उभे राहिले. कार्ड बघून हा माणूस आपला की परका हे सांगायचं काम नवव्या यंत्राचं होतं. आणि नववं यंत्र, समान न्यायाने, आत झोपलं होतं. त्याला उठवायचं बटण आत. बटणापर्यंत जायला दार. दार उघडायला नववं यंत्र.

मोठ्या बाई मागोमाग आल्याच होत्या. त्यांना दोन वाक्यांत हे समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता यंत्रोबांना ते स्वतःलाही पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

“दार फोडता येईल?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“हेच तर येऊ नये म्हणून बसवलंय.”

“दाराची वीज बंद केली तर?”

“उघडेल. ते चुंबकावर धरलेलं आहे. वीज गेली की आपोआप सुटतं. आग लागली तर माणूस अडकू नये म्हणून.”

“मग मघाशी वीज नव्हती तेव्हा...”

“उघडंच असणार,” यंत्रोबा म्हणाले. त्या वेळी ते पायावर पाय टाकून बसले होते.

“मग या खोलीचा खटका पाडा ना.”

खोलीचा खटका बाहेर, जिन्यापाशी होता पूर्वी. येता-जाता पोरं त्याला हात लावत, म्हणून यंत्रोबांनी तो हलवून घेतला होता. आत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मोठ्या बाईंना एवढं कळलं होतं, की काही मुलांना शिक्षा करायची गरज नसते. ती ती स्वतःच करून घेतात. त्या पदर सावरत दालनाकडे परतल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की अध्यक्ष बोलतायत तोवर वेळ आहे.

लेकीचा संदेश आला, ‘बाबा, अध्यक्ष त्यांच्या बालपणात शिरलेत.’

*

वायरमन मेनस्विचच्या खोलीबाहेर स्टुलावर बसला होता. मघाच्या टाळ्या अजून त्याच्या चेहऱ्यावर होत्या.

“मेनस्विच पाड,” यंत्रोबा म्हणाले.

“काय?”

“सगळ्या इमारतीची वीज घालव. अर्ध्या मिनिटापुरती.”

“आत्ताच आणलीय हो.”

“माहितेय.”

“लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं बघितलं.”

यंत्रोबांनी पुन्हा ती सगळी वाट सांगितली. यंत्र, दार, चुंबक, खटका. वायरमनने डोळे मिटून ऐकलं.

“म्हणजे वीज आहे म्हणून दार उघडत नाही.”

“हो.”

“आणि दार उघडत नाही म्हणून यंत्रं चालत नाहीत.”

“हो.”

“म्हणजे वीज असून नसल्यासारखी, आणि नसली की असल्यासारखी.”

“तू पाड रे बाबा.”

वायरमन तयार होईना. त्याच्या कानावर आलं होतं, की बाईंच्या भाषणात त्याचं नाव आहे. तेवढ्यासाठी त्याने आईला रिक्षा करून आणलं होतं. भाषणाच्या तोंडावर तो विजेला हात लावणार नाही, जळली तरी नाही. मग यंत्रोबांनी हुकमाचं पान टाकलं.

“भाषण आत अडकलंय,” ते म्हणाले. “तुझं नाव त्यातच आहे. पंख्यासकट.”

वायरमन स्टुलावरून उठला. तरी शेवटची शंका म्हणून त्याने विचारलं, अध्यक्षांना असं मधेच तोडायचं?

“आपण कुठे तोडतोय? वीज तोडतेय. विजेला कोण काय बोलणार?”

ठरलं ते असं. यंत्रोबा दारापाशी उभे राहणार. फोन वाजला की वायरमन मेनस्विच पाडणार. दार सुटलं की यंत्रोबा आत शिरून दारात काहीतरी अडकवणार, दुसऱ्यांदा फोन करणार, आणि वायरमन वीज परत आणणार. सगळं मिळून अर्धं मिनिट. यंत्रोबा दाराकडे पळाले. लेकीचा संदेश होता, ‘अजून पाचवीतच आहेत. आई तुमच्या खुर्चीकडे बघतेय.’

यंत्रोबांनी फोन लावला. पंखे थांबले, दालनातला माईक एक उचकी देऊन गप्प झाला, आणि दार कसलाही मानपान न मागता दोन बोटं पुढे आलं. यंत्रोबा आत शिरले. दारात अडकवायला काही मिळेना. खुर्ची लांब, फाइल पातळ. मग त्यांनी पायातला नवा बूट काढून फटीत घातला. चावणाऱ्या बुटाला पहिल्यांदाच कामाचं चावायला मिळालं.

त्यांनी दुसरा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. उलट लेकीचाच संदेश आला: ‘अध्यक्षांचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. बसले खाली. लोक विजेला टाळ्या वाजवतायत. कुणी केलं हे? फार आभार.’

आणि त्याखाली: ‘आईला बोलावलं. तुम्ही कुठे आहात?’

वायरमन कुठे होता, ते यंत्रोबांना नंतर कळलं. मेनस्विच पाडल्यावर त्याने बाईंचं नाव पुकारलेलं ऐकलं. भाषण तर आत अडकलंय, मग बाई काय बोलणार, आपलं नाव येणार की जाणार, या काळजीने तो दालनाच्या दारात जाऊन उभा राहिला होता. सभेत शिस्त म्हणून फोनचा आवाज त्याने बंद केला होता.

यंत्रोबा एका बुटावर दाराकडे निघाले. धावत गेलं तर वळसा घालून दालनात पोचायला वेळ लागणार होता, पण शेवटची ओळ तरी मिळाली असती. आणि त्याच क्षणी त्यांना काहीतरी विचित्र वाटलं. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांत या खोलीत ते शांततेत कधी उभेच राहिले नव्हते. इथे नऊ यंत्रं अष्टौप्रहर घरघरायची. वीज गेली तरी बॅटरी पुरेल तोवर घरघरायची, आणि वीज येऊ-जाऊ लागली की धडपडत घरघरायची. आज ती सांगितल्याप्रमाणे झोपली होती. एकाचाही श्वास वाजत नव्हता. आणि त्या शांततेत, वरच्या झरोक्यातून, आवाज आला.

“मागच्या बाकापर्यंत ऐकू येतंय का?”

“हो बाई,” शेसव्वाशे मोठी माणसं एका सुरात म्हणाली.

यंत्रोबा जागच्या जागी थांबले. मग हळूच स्टूल ओढून झरोक्याखाली घेतलं आणि त्यावर चढले.

*

बाईंनी आधी खुलासा केला. माझं भाषण आत झोपलंय आणि मी पाठ केलेलं नाही. तुम्हाला आयुष्यभर पाढे पाठ करा म्हणून सांगितलं, तेव्हा हा माझ्यावर उगवलेला सूड समजा. दालन हसलं. मग आठवेल तसे आभार सुरू झाले. मोठ्या बाई आल्या, शिपाई आला, चिरलेला फळा आला. पंखा आला. पंखा चालता ठेवणारा मात्र आला नाही. हातात कागद नसला की असं होतं. बाई पुढे गेल्या.

“एक नाव त्या लिहिलेल्या भाषणात नव्हतंच,” बाई म्हणाल्या. “ती खुर्ची बघा. पर्स ठेवलेली. खुर्ची रिकामी आहे म्हणूनच सांगते. ते आले तर मला खूण करा, मी विषय बदलीन.”

पुन्हा हशा. यंत्रोबांनी स्टुलावर तोल सांभाळला.

“भाषण त्यांनीच टाइप केलं. आपलं नाव नाही हे बघितलं, आणि एक अक्षर बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली. आता मी नाव का सांगितलं नाही? कारण जो टाइप करतो त्याचे आभार त्यालाच टाइप करायला सांगायचे, हे काही मला जमेना. आणि सांगितलं असतं तर म्हणाले असते, एवढं कशाला, आणि खोडलं असतं.

“तुम्हाला वाटत असेल, दिवे गेले की उठून जाणारा नवरा म्हणजे काय संसार झाला. मलाही वाटायचं. पण दिवे गेले की माणूस कुठे जातो हे मला नेहमी ठाऊक असायचं. एवढं किती जणींना ठाऊक असतं?”

बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या.

“दुसरं. तुम्ही सगळे माझ्याकडे पेपर द्यायचात. मी ते तपासून रात्री टेबलावर ठेवायची. सकाळी बघावं तर मधूनच एखाद्या पेपरावर, बेरजेच्या शेजारी, पेन्सिलीचं एक बारीक टिंब असायचं. दिसेल न दिसेल असं. म्हणजे, इथे बेरीज चुकलीय, बघ. ती मी दुरुस्त करायची, टिंब खोडायची आणि पेपर वाटायची. त्यावर आमच्यात आजवर बोलणं झालेलं नाही. गणिताच्या बाईंची बेरीज चुकते, ही गोष्ट या एका माणसाला सगळी नोकरीभर माहीत होती. आणि भांडणातसुद्धा, भांडणातसुद्धा हो, त्यांनी ती काढली नाही.”

बाईंनी पर्स ठेवलेल्या खुर्चीकडे हात केला.

“तुमच्यापैकी कितीतरी जण त्या टिंबांवर पास झालेत. तेव्हा टाळ्या वाजवायच्या तर मला नको. त्या खुर्चीला वाजवा.”

टाळ्या झरोक्यातून आल्या आणि रिकाम्या खोलीत, झोपलेल्या यंत्रांवर, बराच वेळ पडत राहिल्या. यंत्रोबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, जसं मघाशी कार्ड पुसलं होतं तसं. यावेळी उपयोग झाला नाही. परत लावला तरी धूसरच दिसत होतं.

थोड्या वेळाने वीज आली. वायरमन स्विचपाशी परतला होता. यंत्रोबा स्टुलावरून उतरले. बटण दाबायच्या आधी त्यांनी थोरल्या यंत्राच्या पाठीवर हात ठेवला. मग थोरलं उठवलं, ते पुरतं जागं होऊ दिलं, आणि क्रमाने बाकीची. चूल पेटल्यावर बसलेल्या पंगतीसारखी ती शिस्तीत उठली. खोली भरून घरघर सुरू झाली आणि झरोक्यातून येणारं सगळं बंद झालं. जीवनपट पडद्यावर लागला तेव्हा यंत्रोबा दालनाच्या मागच्या दारात एका बुटावर उभे होते. बाई व्यासपीठावरून पहिल्या रांगेतल्या पर्सकडे बघत होत्या.

*

घरी परतताना लेक फुलांचे गुच्छ सांभाळत पुढे चालली होती. यंत्रोबा लंगडत होते, कारण चुंबक परत बसताना दाराने बुटाची टाच खाल्ली होती.

“मग? कसं झालं भाषण?” त्यांनी विचारलं.

“झालं आपलं. मानले सगळ्यांचे आभार.”

“सगळ्यांचे?”

बाई चालता चालता थांबल्या. “अगंबाई, वायरमनचं राहिलंच की हो. त्याची आई आली होती.” मग पुन्हा चालू लागल्या. “बाकी सगळ्यांचे.”

“आणि...”

“आणि काय? खुर्ची तर रिकामी होती. रिकाम्या खुर्चीचे आभार कोण मानतं?”

पुढे चाललेल्या लेकीला गुच्छांआड खोकला आला. यंत्रोबा म्हणाले, “तेही खरंच,” आणि लंगडत राहिले.

आता या प्रकरणाची कुणाला काय किंमत पडली ते बघू. अध्यक्षांना त्यांच्या पाचवीनंतरचं सगळं आयुष्य पडलं. वायरमनला त्याचं नाव. बाई सोमवारी त्याच्या घरी जाऊन आईसमोर आभार मानून येणार आहेत, पण टाळ्या काही परत मिळत नाहीत. शेजारच्या छापखान्यातली यंत्रं त्या दुपारी वीज आली तितक्या वेळा तत्परतेने उठली, आणि त्यातली तीन आता कायमची झोपली आहेत. यंत्रोबांच्या नवांना काहीच पडलं नाही. यंत्रोबांनी आठांना तसंच झोपायला मोकळं सोडलं आहे, आणि दाराच्या नवव्याला मात्र वीज दिसताच उठायची ताकीद दिली आहे. समान न्याय त्यांनी सोडला. त्यांना स्वतःला एक टाच पडली आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. त्या बदल्यात एक वाक्य हवं होतं, तर पोतंभर मिळालं.

सगळ्यांत जास्त पडलं ते बाईंना. बेरीज चुकते हे त्यांनी भर सभेत कबूल केलं, आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्या पदरात ते पडलंच नाही, अशी त्यांची समजूत. ही बाकी यंत्रोबांना फेडायची होती. पण ती फेडायची तर आपण ऐकलं हे सांगावं लागणार, आणि सांगितलं तर बाई पुन्हा असं कधी बोलायच्या नाहीत. म्हणून त्या संध्याकाळी पाळी नसताना ते भांडी घासायला उभे राहिले, आणि एकही भांडं दुसऱ्याला लागू दिलं नाही. पातेली कापसावर ठेवावीत तशी ठेवत गेले.

बाहेरच्या खोलीत बाई गुच्छ पाण्यात घालत होत्या. त्यांचे हात मधेच थांबले. स्वयंपाकघराकडे कान देऊन त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या.

“अहो,” त्यांनी विचारलं, “त्या झरोक्याला झडप आहे का हो?”